नाव घेऊन सांग

रत्नागिरी
६ फेब्रुवारी २०२६

प्रिय तेजस्वी,

तुझा फोन बंद आहे म्हणून पत्र लिहितेय. बंद ठेवलास ते एका अर्थी बरंच झालं. नाहीतर मी दिवसातून चारदा फोन केला असता, तू चारदा उचलला नसतास आणि आपण दोघीही चिडून बसलो असतो. पत्राचं तसं नसतं. पोस्टमन ते आणून देईल, तुझी आई देवाच्या फळीवर ठेवील आणि तू कधीतरी, कुणी बघत नसताना, फोडशील. माझं अक्षर लागलं नाही तर दापोलीतल्या कुठल्याही मेडिकलच्या दुकानात ने. तो माणूस धडाधड वाचून दाखवील आणि वर दोन गोळ्याही देईल.

तर मुद्द्याचं. तुझा राजीनामा मिळाला. माझ्या टेबलावर ठेवून, कुणाला न सांगता, सकाळच्या गाडीनं निघून गेलीस. मी तो डीनसाहेबांकडे पाठवलेला नाही. टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात आहे, त्यावर स्टेपलर ठेवलाय. कागदोपत्री तू रजेवर आहेस. ही रजा मला मार्चअखेरपर्यंत ओढता येईल. त्यापुढे मात्र तो कागद वर पाठवावाच लागेल आणि दीड वर्ष राबून तयार झालेली एक चांगली डॉक्टर माझ्या हातून जाईल. मला ती जाऊ द्यायची नाही. पहिल्याच पत्रात हे सांगून टाकते, म्हणजे पुढच्या पत्रांत मी काय आडून सुचवतेय याचा तुला विचार करत बसायला नको.

राजीनाम्यात तू लिहिलंयस, 'मी या कामाला लायक नाही.' आपल्या इमर्जन्सी विभागात लायक कोण आणि नालायक कोण हे ठरवायला मला नेमलंय, तुला नाही. माझ्या खुर्चीवर बसायची इतकी घाई करू नकोस.

मुंबईतली नोकरी सोडून मी इथे आले आणि रत्नागिरीत इमर्जन्सी मेडिसिनचे रेसिडेंट घडवणार म्हणाले, तेव्हा माझे तिकडचे मित्र पोट धरून हसले होते. तिथे आंब्याच्या झाडावरून पडलेली माणसं आणि फुरसं चावलेली माणसं सोडून दुसरं काय येणार, असं एकानं विचारलं. मी म्हटलं, तेवढी वाचवता आली तरी पुष्कळ आहे. आज माझ्या हाताखालून गेलेली पोरं जिथे आहेत तिथे छाती पुढे काढून काम करतात. कारण मी त्यांना हाताला धरून चालवत नाही. रेसिडेंट रुग्ण बघतो, सगळी सूत्रं त्याच्याकडे असतात, आणि मी खाटेच्या पायथ्याशी एप्रनच्या खिशात हात घालून उभी असते. तो हाक मारीपर्यंत माझे हात खिशातून निघत नाहीत. हे सगळं तू दीड वर्ष पाहिलंयस.

आणि आपलं ते 'होय म्हाराजा'! पुण्याहून आलेल्या मुकुलला गाऱ्हाणं म्हणजे तक्रार एवढंच ठाऊक होतं. मग मी टेबलापुढे उभी राहून त्याला करून दाखवलं, की गावचा माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीनं एकेक मागणं मोठ्यानं कसं घालतो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला एका आवाजात 'होय म्हाराजा' कशी म्हणतात. टीमच्या प्रमुखानं सूचना मोठ्यानं द्यावी, टीमनं ती ऐकल्याचं मोठ्यानं सांगावं, असं पुस्तकात छापलेलं असतं. ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. 'होय म्हाराजा' मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी बसलं. तपासणीला आलेले सर तर म्हणाले, की अशी बोलकी टीम त्यांनी दुसरीकडे पाहिली नाही.

असा विभाग सोडून तू घरी बसलीयस. विचार कर आणि ये.

तुझी,
नीरजा मॅडम


रत्नागिरी
१४ फेब्रुवारी

प्रिय तेजस्वी,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहायची थांबणार नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

मागच्या पत्रात मी नितेशचं नाव टाळलं. टाळून चालणार नाही, म्हणून आज जसं घडलं तसं लिहिते. जयगडच्या रस्त्यावर वळणावर मोटरसायकल घसरून पडलेला तरुण माणूस. आणला तेव्हा बोलत होता, बायकोला फोन लावा म्हणत होता. टीमची प्रमुख तू होतीस. तू पोटाची सोनोग्राफी केलीस, आत रक्त साठतंय हे तिथल्या तिथे ओळखलंस, सर्जनना बोलावणं धाडलंस, दोन्ही हातांत मोठ्या सुया लावून घेतल्यास. मग म्हणालीस, "रक्तपेढीला फोन करा, ओ निगेटिव्ह पाठवायला सांगा." अख्खी खोली एका आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा."

आणि फोन कुणीच केला नाही.

मुकुलला वाटलं सावित्री सिस्टर करतील. सावित्री सिस्टरना वाटलं मुकुल करील. बाकीच्यांना वाटलं, हे दोघं असताना आपण कशाला मध्ये पडा. तू जेव्हा विचारलंस, की रक्त कुठवर आलं, तेव्हा सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मग धावाधाव झाली. रक्त आलं, पण उशिरा आलं, आणि नितेश ऑपरेशन टेबलावरच गेला.

तुला मी खोटा दिलासा देणार नाही. रक्त वेळेवर आलं असतं तर तो वाचला असता का? कदाचित वाचला असता. सर्जन म्हणतात, यकृताची जखम मोठी होती, काही सांगता येत नाही. ते खरंही असेल. पण 'कसाही गेलाच असता' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि म्हटलं तरी तू विश्वास ठेवणार नाहीस. या कामात अशी माणसं आपल्याबरोबर राहतात. माझ्याबरोबरही आहेत. त्यांना घेऊनच दुसऱ्या दिवशी कामावर यायचं असतं.

एक मला अजून उमगत नाही. नितेश गेल्यावर घेतलेल्या मीटिंगमध्ये तुला कुणी एका शब्दानं बोललं नाही. मी तर सगळ्यांसमोर सांगितलं, की आपली पद्धत चोख आहे, आजवर कितीतरी रुग्णांना तिनं तारलंय, एखाद्या दिवशी एखाद्याकडून एखादी गोष्ट राहून जाते. तुझं नावही घेतलं नाही. तरी दुसऱ्याच दिवशी तू गेलीस.

परवा नितेशची बायको आली होती, राजश्री. कागद न्यायचे होते तिला. मी तिला माझ्या खोलीत बसवलं आणि रक्त मागवायला आमच्याकडून उशीर झाला हे सांगितलं. असं काही बोलण्याआधी वकिलाला विचारावं म्हणतात. मी विचारलं नाही. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

मग म्हणाली, "तुमी सांगितलात ते बरं केलात. पण आता मी रागवू कुणावर? नाव सांगा."

"आमच्या विभागावर."

"विभाग म्हंजे कोण?"

एरवी माझं तोंड असं बंद होत नाही. शेवटी मी माझं नाव सांगितलं. तिनं ते एकदा पुटपुटून बघितलं आणि उठली. दारापाशी थांबून तिनं तुझी चौकशी केली. नितेशला आत नेल्यावर तू बाहेरच्या बाकावर तिचा हात धरून बसली होतीस, ते ती विसरलेली नाही. मी सांगितलं, तू गावी गेलीयस, येशील.

मला खोटं पाडू नकोस.

नीरजा मॅडम


रत्नागिरी
२४ फेब्रुवारी

तेजस्वी,

आज 'प्रिय' लिहिणार नाही, कारण मी चिडलेय.

सावित्री सिस्टर दापोलीला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. येताना मासळी घ्यायला बुरोंडीला उतरल्या, तर तू किनाऱ्यावर. त्यांना बघून होड्यांच्या आड गेलीस म्हणे. ज्या बाईनं तुला पहिल्या महिन्यात शीर सापडेना तेव्हा रडू आवरून उभं राहायला शिकवलं, तिच्यापासून लपलीस. सिस्टरना ते लागलं, हे मला दिसलं.

मात्र त्यांनी दुसरंही एक ऐकून आणलं. कुणा खलाशाच्या तळहातात गळ आरपार रुतला होता, तो तू तिथेच वाळूत बसून काढलास. टोक पुढे ढकललंस, कापलंस आणि मागून ओढून घेतलंस. त्याला आधी बोलण्यात गुंतवलंस. टिटॅनसच्या इंजेक्शनला दापोलीला पाठवलंस आणि तो जाईना म्हणून त्याच्या बायकोला दम दिलास. आता मला सांग, या कामाला लायक नसलेली माणसं असलं काही करतात का? ती घरात बसून भिंतीकडे बघतात. तू तर वाळूतही कॅज्युअल्टी उघडलीस.

इथे तुझ्या ड्युट्या मुकुल करतोय. डोळे सुजलेत त्याचे. तक्रार करत नाही, पण दोनदा त्यानं चहात मीठ घातलंय.

डीनसाहेबांनी काल विचारलं, की ती मुलगी येणार आहे की नाही, जागा अडकून पडलीय. मी ठणकावून सांगितलं, येणार. ते म्हणाले, लेखी आहे का काही? मी म्हटलं, मी सांगतेय ना.

निदान शिव्या देणारं तरी पत्र पाठव. हे मौन मला सोसत नाही.

नीरजा


बुरोंडी
६ मार्च

मॅडम,

तिन्ही पत्रं मिळाली. मेडिकलमध्ये न्यावी लागली नाहीत.

तुम्हाला शिव्या हव्यात, त्या मला जमणार नाहीत. पण जे सांगायचंय ते सांगते, कारण तुम्ही राजश्रीताईंना खरं सांगितलंत.

मी तुम्हाला कधी बोलले नव्हते, आमच्या वाडीचं गाऱ्हाणं माझे बाबाच घालतात. तुम्ही पहिल्या दिवशी ते करून दाखवलंत तेव्हा मला अभिमान वाटला होता, की आमच्या अंगणातली गोष्ट इतक्या मोठ्या कामाला आली. परवा शिमग्याची पालखी दारात आली. बाबा नारळ धरून पुढे उभे राहिले. "दर्यात ज्यांची ज्यांची होडी हाय, त्यांना सुखरूप घरी आण म्हाराजा." सगळ्यांबरोबर माझ्याही तोंडातून "होय म्हाराजा" निघालं. मी तशीच, भर दुपारी, पालखी सोडून घरात जाऊन बसले. आईला वाटलं, ऊन लागलं.

मॅडम, गाऱ्हाण्यात सगळे एकदम 'होय' म्हणतात, कारण पुढचं काम देवानं करायचं असतं. आपण मागायचं आणि घरी जायचं. आपल्या खोलीत देव कुठे आहे? तिथे 'होय' म्हटल्यावर प्रत्येकाला वाटतं, आता होईल. त्या दिवशी मलाही तसंच वाटलं. इतक्या मोठ्यानं 'होय' आलं, की फोन कोण करतंय हे विचारायचं मला सुचलंच नाही. ते मी विचारायला हवं होतं, ही चूक माझी आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

पण तुम्ही मीटिंगमध्ये म्हणालात, पद्धत चोख आहे. पद्धत चोख असली तर मग चुकलं कोण? टीमची प्रमुख एकच होती. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत हे खरं, पण तुमच्या बोलण्यानंतर दुसरं कुठलं नावच उरलं नाही. सगळे खाली बघत होते. तुम्हाला वाटलं तुम्ही मला वाचवलंत.

आणखी एक. त्या दिवशी 'होय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज तुमचा होता. हात खिशात होते.

राजश्रीताईंना माझं नाव सांगा. राजीनामा वर पाठवा. सावित्री सिस्टरना सांगा, मला लाज वाटली म्हणून लपले, दुसरं काही नाही.

तेजस्वी


रत्नागिरी
१४ मार्च

प्रिय तेजस्वी,

तुझं पत्र वाचून मला तुझा भयंकर राग आला. कालची पोर मला शिकवते म्हणून नव्हे, तसल्या रागातून मी कधीच बाहेर आलेय. राग आला तो तुझ्या शेवटच्या ओळींचा, राजीनामा वर पाठवा म्हणालीस त्याचा. मी दुपारी जेवले नाही. यज्ञेश, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, कुणी मेलंय का? मी म्हटलं, नाही, माझी लाडकी पद्धत आजारी आहे, बघावं लागेल.

मग बघितलं. सोमवारी सरावाच्या माणसाएवढ्या बाहुलीवर सराव लावला. मुकुलला टीमचा प्रमुख केलं आणि मी काय बघणार आहे ते कुणालाच सांगितलं नाही. रक्तपेढीतल्या माणसाला मात्र सांगून ठेवलं, की फोन येईल, उचल आणि वेळ लिहून ठेव. मुकुल म्हणाला, "रक्तपेढीला फोन करा." सगळ्यांनी खणखणीत 'होय म्हाराजा' दिलं. मी ओठ मिटून उभी राहिले. फोन भिंतीवर तसाच. बाहुलीला सुया लागल्या, ऑक्सिजन लागला, सगळं उत्तम चाललं होतं, आणि फोनकडे कुणी ढुंकूनही बघेना. नितेशला जाऊन दीड महिना झालेला नाही, तीच खोली, तीच माणसं, तरीही. मंगळवारी दुसरी माणसं घेतली, तेच झालं. रक्तपेढीतला तो बिचारा दोन्ही दिवस फोनपाशी बसून राहिला आणि संध्याकाळी मला विचारायला आला, की मॅडम, माझं काही चुकलं का?

तेजस्वी, तुझं बरोबर आहे आणि माझं चुकलं. हे वाक्य जपून ठेव. यज्ञेशला ते लग्न झाल्यापासून एकदाही मिळालेलं नाही.

आणि हो, मी मोठ्यानं म्हटलं होतं. माझा आवाज मला चांगला आठवतो. म्हणूनच परवा मी मीटिंग पुन्हा बोलावली आणि हेही सगळ्यांसमोर सांगितलं. मग विचारलं, उपाय काय? कुणी म्हणालं, फोनसाठी एक वेगळा माणूसच नेमा. कुणी म्हणालं, भिंतीवर पाटी लावा. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात राजश्री बसली होती. 'विभाग म्हंजे कोण?' सगळं तिच्या त्या प्रश्नातच होतं. खोलीला सांगितलेलं काम कुणालाच सांगितलेलं नसतं. ज्याला सांगायचं त्याचं नाव आधी घ्यायचं, आणि 'होय' त्यानं एकट्यानं म्हणायचं. परवापासून 'होय म्हाराजा' बंद. सावित्री सिस्टरना वाईट वाटलं, त्यांचा आवाज फार छान लागायचा.

पण हे अजून पुरतं बसलेलं नाही. काल मी मुकुलचं नाव घेऊन सांगितलं, तो 'होय' म्हणाला, फोनकडे निघाला, वाटेत कुणी त्याला हाक मारली आणि राहिलं. म्हणजे नुसतं नाव पुरत नाही. पुढे काय करायचं ते मला सापडत नाही. तुला सापडेल असं मला वाटतं, कारण यातली मूळ खोट तूच काढलीस.

मी 'परत ये' म्हणत नाही. बुधवारी, २५ तारखेला, माझा नेहमीचा तास आहे. तो तू घे. एक दिवस ये, पोरांना शिकव आणि जा. राजीनामा खणातच आहे, त्याला हात लावू नकोस.

राजश्रीला मी तुझं नाव सांगणार नाही. तुला सांगायचं असेल तर तू सांग.

नीरजा मॅडम


रत्नागिरी
२७ मार्च

प्रिय तेजस्वी,

बुधवारी काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथे होतीस. पण तुला दिसलं नाही असंही पुष्कळ होतं. संध्याकाळच्या गाडीनं तू बाबांबरोबर तडक निघून गेलीस, पुढचं काही बोलली नाहीस, म्हणून लिहितेय.

तू दारातून आत आलीस तेव्हा सावित्री सिस्टर औषधांच्या ट्रॉलीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या बाटल्या मोजत नव्हत्या, रडत होत्या. मुकुलनं सकाळपासून तीनदा भांग पाडला होता. आणि मी, जी कुणासाठी ताटकळत नाही, ती आठ वाजल्यापासून खिडकीशी उभी होते.

तू बाहुलीपाशी उभी राहिलीस आणि फळ्यावर काही न लिहिता म्हणालीस, की 'होय' म्हणजे ऐकलं, एवढंच. काम संपल्यावर त्याच माणसानं परत येऊन 'झालं' म्हणायचं. आणि प्रमुखानं 'झालं' कानावर पडेपर्यंत ते काम झालेलं नाही असंच धरायचं. किती साधं! मी गेले दोन आठवडे यावर डोकं आपटत होते. पोरांनी माना डोलावल्या. तू म्हणालीस, माना डोलावू नका, करून दाखवा.

तेवढ्यात खरीच रुग्ण आली, ऋतिका. बाजारात चक्कर येऊन पडलेली, पांढरीफटक, नाडी लागत नव्हती. प्रमुख मुकुल होता. मी त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं तुझ्याकडे बघितलं.

"तेजस्वी, टीम तू घे," तो म्हणाला.

तू जागची हलली नाहीस. तुझा चेहरा बघून मला वाटलं, गेली, आता ही दाराबाहेर पळणार. मी खिशातला हात बाहेर काढायच्या बेतात होते आणि तेवढ्यात तू 'होय' म्हणालीस. हळू, पण एकटीनं.

पुढे तुझा आवाज एकदाही चढला नाही. सिस्टरना उजव्या हाताची सुई सांगितलीस, त्या 'झालं' म्हणाल्या. मुकुलला सोनोग्राफी सांगितलीस. तो म्हणाला, गर्भनळी फुटलेली दिसतेय, पोट रक्तानं भरलंय. त्यालाच स्त्रीरोगवाल्या मॅडमना बोलवायला पाठवलंस, तो जाऊन आला आणि 'झालं' म्हणाला. खोली इतकी शांत होती, की मला माझं घड्याळ ऐकू येत होतं. मग तू मान वर केलीस आणि सरळ माझ्याकडे बघितलंस.

"नीरजा मॅडम, रक्तपेढीला फोन. ओ निगेटिव्ह."

इतक्या वर्षांत त्या खोलीत मला कुणी काम सांगितलं नव्हतं. सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात खिशातून बाहेर आले. मी 'होय' म्हटलं आणि भिंतीपर्यंत चालत गेले. ती पाच पावलं, पण नितेशच्या दिवशी ती कुणालाही चालता आली असती, मलासुद्धा, हे फोन उचलताना माझ्या मनात आलं. रक्तपेढीतला तो माणूस पहिल्याच घंटीला बोलला. मी सांगितलं, त्यानं तेच पुन्हा म्हणून दाखवलं, मी परत आले आणि तुझ्यासमोर उभी राहून 'झालं' म्हणाले. तू माझ्याकडे न बघता मान हलवलीस आणि पुढच्या कामाला लागलीस. मला इतकं भरून आलं की काय सांगू. मी शिकवलेल्या पोरीनं मला कामाला लावलं होतं आणि काम झाल्यावर साधं थँक्यूही म्हटलं नव्हतं. अगदी असंच व्हायला हवं होतं.

ऋतिका परवा घरी जाईल. आज तिनं पेज मागून घेतली आणि वर लोणचं नाही म्हणून कुरकुरली.

तुझे बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते. दार अर्धं उघडं होतं, त्यांनी सगळं ऐकलं. मी बाहेर आले तेव्हा ते उठून उभे राहिले. मी म्हटलं, गंगारामभाऊ, बसा. ते बसले नाहीत.

"पोरीनं सगळ्यांची नावं घेतलान," ते म्हणाले. "एक देवाचं तेवढं नाय घेतलान."

मी म्हटलं, देवाला वाईट वाटलं असेल का? ते म्हणाले, त्यालापन कदी तरी सुटी व्हवी.

काल राजश्रीचा फोन आला होता. बुधवारी इथे येण्याआधी तू तिच्याकडे जाऊन आलीस, तुझं नाव तिला स्वतः सांगितलंस, एवढंच ती बोलली. तुमचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. ते तुमचं तुमच्याजवळ राहू दे.

डीनसाहेबांनी मंगळवारची मुदत दिलीय. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, 'विचार कर आणि ये.' दुसऱ्यात लिहिलं, 'मला खोटं पाडू नकोस.' आता कळतं, ती सगळी गाऱ्हाणी होती. मी मागत होते आणि कुणीतरी ते करील म्हणून वाट बघत होते. आता तुझ्याच रीतीनं सांगते.

तेजस्वी, माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, स्टेपलरखाली, तुझा राजीनामा आहे. तो मंगळवारच्या आत स्वतःच्या हातानं उचलून घेऊन जा. नुसतं 'होय' लिहून पाठवू नकोस.

नीरजा मॅडम


रत्नागिरी
३१ मार्च

मॅडम,

झालं.

तेजस्वी